तिच्या मापाचा स्टूल

मिस्त्रींना सगळे मिस्त्रीच म्हणत. खुर्च्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि दुकानात शिरणाऱ्याच्या चेहऱ्याआधी गुडघ्यांकडे बघणं ही त्यांची खोड. गिऱ्हाईक मोडकी खुर्ची घेऊन दारात उभं राहिलं की हे म्हणत, "बसा पाहू." मग टेप काढून जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंत माप घेत आणि निकाल देत, "खुर्ची उत्तम आहे हो, फक्त तुमची नाही. कुणातरी लांबटांग्याची असणार." गिऱ्हाईक चक्रावून जाई. खिडकीशी बसलेली त्यांची बायको म्हणे, "अहो, त्यांना आधी आत तर येऊ द्या!"

लाकूड त्यांचं आणि वेत तिचा, अशी त्या दुकानातली वाटणी होती. ते दिवसभर कामाच्या उंच टेबलाशी उभे. ती खिडकीखाली बुटक्या स्टूलवर. पुढ्यात खुर्ची, बाजूच्या टबात भिजत पडलेल्या वेताच्या पट्ट्या आणि ओठांत दोन-तीन लाकडी खुंट्या. ताणलेली पट्टी भोकातून सुटू नये म्हणून खुंटी ठोकावी लागते, ती हाताशी हवी म्हणून तोंडात. खुंट्या तोंडात असत तेवढाच काय तो वेळ दुकान शांत असे.

तो स्टूल त्यांनी लग्नानंतर लगेच केला होता. ती बुटकी, कुठल्याही खुर्चीवर तिचे पाय लोंबकळायचे. त्यांनी स्टूलचे पाय थोडेथोडे कापत आणले, दर वेळी ती बसून बघायची आणि म्हणायची, "अजून थोडं." शेवटी तिचे तळवे जमिनीला टेकले तेव्हा म्हणाली, "पोचले."

मिस्त्रींचा उजवा खुबा बदलला त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, की गुडघा खुब्याच्या वर जाईल इतक्या खाली बसायचं नाही. उंचीच्या बाबतीत मिस्त्रींना शिकवायला नको होतं. त्यांनी घरातला पलंग, खुर्ची, सगळं उंच करून घेतलं, आणि पुढे तर खुबा कुठला बदललाय हे आठवायलाही त्यांना क्षणभर थांबावं लागे.

बायको हिवाळ्याच्या शेवटी गेली. आजार फार दिवसांचा नव्हता. खिडकीखाली एका संगीतशिक्षिकेची खुर्ची अर्धी विणून राहिली होती, खुंट्या तशाच भोकांत. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "मला घाई नाही, मिस्त्री." दुसऱ्या कुणाकडून ती पुरी करून घेता आली असती. पण एका सकाळी मिस्त्रींनी टबात पाणी भरलं, पट्ट्या भिजत टाकल्या आणि स्टूलवर बसले. गुडघे पार छातीशी आले. खिडकीतून तिला रोज काय दिसत होतं ते त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं: समोरच्या दुकानाची पायरी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट. ते बसूनच राहिले.

दुखणं महिन्याभराने सुरू झालं. आधी मांडीच्या सांध्यात पुढच्या बाजूला, उठताना कळ येई. मग त्याच पायाचा गुडघा कुरकुरायला लागला. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पण लेकीच्या गाडीत बसताना त्यांनी पँटचं कापड मुठीत धरून पाय उचलून आत ठेवला, आणि ते तिने पाहिलं.

लेक ग्रंथालयात कामाला. लहानपणी किरकोळ होती म्हणून चिमणी, आणि पन्नाशीला टेकली तरी चिमणीच. तिने दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठले. एक्स-रे झाला, रक्त तपासलं.

"बसवलेला सांधा जागच्या जागी आहे," डॉक्टर म्हणाले. "सैल झालेला नाही, जंतुसंसर्गही नाही. पुढचा स्नायू ओढला जाऊन घासतोय, आणि त्याचा भार गुडघ्यावर येतोय. हल्ली काही नवीन करता का? खाली बसणं, वाकणं?"

चिमणीचा जीव भांड्यात पडला होता. मिस्त्री म्हणाले, "छे हो. मी उभ्याने काम करणारा माणूस." आणि विषय बदलायला म्हणून पुढे जोडलं, "तुमची खुर्ची मात्र दोन बोटं उंच आहे. टाचा टेकत नाहीत तुमच्या."

डॉक्टर हसले आणि त्यांनी व्यायाम लिहून दिले. मिस्त्री रोज सकाळी इमानेइतबारे व्यायाम करीत आणि त्यानंतर स्टूलवर जाऊन बसत. दुखणं हटत नाही म्हणून व्यायामाला नावं ठेवीत.

एका दुपारी चिमणी न कळवता दुकानात आली.

"बाबा?"

"आलो," आतून आवाज आला. पण कुणी आलं नाही.

ती आत गेली. मिस्त्री स्टूलवर बसले होते. एक हात खिडकीच्या कठड्यावर, कपाळावर घाम. तिची हाक ऐकून ते उठायला गेले होते आणि पाय वर यायला तयार नव्हता. ती बघत राहिली. मग मागे जाऊन तिने काखेत हात घातले.

"डाव्या पायावर जोर द्या. हं. आता."

उभं राहिल्यावर त्यांनी टेबल धरलं. ती म्हणाली, "किती दिवस चाललंय हे?"

"खुर्ची पुरी करतोय."

"डॉक्टरांना उभ्याने काम करतो म्हणालात."

"करतोच की. सकाळी."

"बाबा!"

"सांगितलं असतं तर तू हा स्टूल उचलून नेला असतास."

"हो," ती म्हणाली. "त्याच दिवशी नेला असता."

टबातल्या पाण्यावर ऊन हलत होतं. तिने एक पट्टी उगीचच वर काढून पुन्हा बुडवली.

"सांधा निखळला असता म्हणजे?" ती हळू आवाजात म्हणाली. "त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर वर्षात दुसऱ्यांदा बसायची माझी तयारी नाही, बाबा."

मिस्त्रींनी स्टूलकडे पाहिलं. ते म्हणाले, "त्याला पाय जोडणार नाही मी. तो उंच करायचा नाही."

"कोण म्हणतंय उंच करा? गिऱ्हाईक खुर्चीत मावलं नाही तर तुम्ही काय करता, गिऱ्हाईक कापता?"

त्यांना हसू आलं. आईचीच जीभ उचलली होती पोरीने.

"तुमचं माप काय आहे?" तिने विचारलं.

अख्ख्या गावाच्या पोटऱ्या ज्यांना तोंडपाठ, त्या मिस्त्रींना स्वतःचं माप ठाऊक नव्हतं. खुबा बदलल्यावरही सगळं अंदाजाने उंच केलेलं.

"बसा पाहू," चिमणी म्हणाली आणि टेप घेऊन त्यांच्या उंच खुर्चीपुढे वाकली.

त्या संध्याकाळी तिने फोन लावून त्यांच्या हातात दिला. मिस्त्रींनी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं आणि ऐकून घ्यायचं ते ऐकून घेतलं.

पुढे काही दिवस दुकानात रंधा चालला. मिस्त्रींनी विणायची खुर्ची वर ठेवता येईल असा एक चौथरा केला आणि स्वतःसाठी खळीच्या मापाहून चार बोटं उंच बैठक. विणकाम त्यांच्या हातापर्यंत वर आलं. खिडकीतून आता बूट दिसत नव्हते, माणसांचे खांदे दिसत. दुखणं एकदम गेलं नाही. उठताना येणारी कळ आधी सौम्य झाली, मग दिवसाआड झाली. गुडघा बसच्या पायरीला अजून कुरकुरे. मधेच ते उठून दुकानभर एक फेरी मारत आणि पुन्हा बसत.

संगीतशिक्षिकेची खुर्ची झाली तेव्हा बायकोचं विणकाम कुठे संपतं ते लांबून कळत होतं. त्यांच्या हातचे ताणे फार घट्ट. उसवून पुन्हा करावं असं एकदा त्यांच्या मनात आलं, पण तिच्या बाजूला हात लावावासा वाटेना, आणि नुसतं आपलं उसवून काही उपयोग नव्हता. बाईंनी खुर्चीवर बसून पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या असंच."

आता सुट्टीच्या दिवशी चिमणी येते. एक जुनी मोडीत काढलेली खुर्ची तिला शिकायला दिली आहे. पहिल्या दिवशी ती कुठे बसावं म्हणून इकडेतिकडे बघत होती; मग बुटका स्टूल ओढून खिडकीखाली बसली. मिस्त्रींची नजर सवयीने तिच्या पायांकडे गेली.

"टेकतात का गं?" त्यांनी विचारलं.

तिच्या तोंडात खुंट्या होत्या. तिने नुसत्या टाचा जमिनीवर दोनदा आपटल्या, आणि मिस्त्री आपल्या कामाकडे वळले.