हसीनाबीचा हात

"गेल्या आठवड्यात त्वचेमुळे कामात अडचण आली, मावशी? अजिबात नाही, थोडी, बरीच की खूप?"

डॉक्टर दामिनी कागदावरून वाचत होती. समोर उदगीरची बांगड्या भरणारी हसीनाबी, मांडीवर हात ठेवून. बोटांपासून कोपरापर्यंत लाल चट्टे, वर पांढरे खवले. सोरायसिस. याची लागण होत नाही, असं लातूरच्या त्या दवाखान्याच्या भिंतीवरही लिहिलं होतं.

कागदावरच्या उत्तरांचे गुण जास्त आले, म्हणजे त्रास जास्त ठरला, तर नवीन इंजेक्शन फुकट मिळणार होतं. ते मिळालं तर शेजारच्या अंजूच्या लग्नापर्यंत हात निवळतील, एवढीच हसीनाबीची आशा. अंजूच्या आईचा, सिद्धम्माचा, लग्नचुडा तिनंच भरला होता. लेकीचाही तूच भरायचा, असं सिद्धम्मा वर्षानुवर्षं म्हणायची. परवा तीच दारातून म्हणाली, "हसीनाबी, सुनेला धाड. बाया नाकं मुरडायल्यात." बोलताना तिनं स्वतःचे हात पदराखाली घेतले.

"अडचण न्हाई. काम आता सूनच करती."

"लग्नकार्याला जाणं टाळलं?"

"कुणी बोलावलं तर टाळीन न्हवं!"

शेजारी बसलेल्या सुनेनं, अर्शियानं, कोपर मारलं. "अम्मी, 'भोत' बोलो ना."

"झूट कायकू बोलू?"

"लाज वाटली?"

"आता न्हाई. सवय झाली."

दामिनीनं बेरीज केली आणि खुलली. "छान! तुमचं चांगलं चाललंय. इंजेक्शनची गरज नाही."

ज्याचं सगळंच सुटलं त्याला अडचण कसली येणार, हे त्या मेल्या कागदाला कोण सांगणार!

हसीनाबीनं शाईच्या डबीत अंगठा बुडवून कागदावर उमटवला आणि उठली. तिची पाठ वळताच दामिनीनं शाईची डबी चिमटीत धरून कचऱ्याच्या बादलीत टाकली, हात चोळचोळून पुसले. दाराच्या काचेत हसीनाबीला सगळं दिसलं. ती परत फिरली.

"मॅडम, लाजेचा सवाल पुन्हा विचारा."

"का, मावशी?"

"लाज न्हाई वाटली. किळस आली. तुमची. लिवा."

दामिनीचं तोंड उतरलं. "तसा... पर्याय नाही यात."

"मग ऱ्हाऊ द्या."

बाहेर बाकावर अर्शिया रडकुंडीला आली. बांगड्या भरताना तिच्या हातून एखादी हमखास वाढायची. फुटली असं म्हणायचंही नसतं. आणि नवरीच्या चुड्यात ते घडलं तर अपशकुनच.

"अंजू का चुडा मेरे से नै होता, अम्मी."

"होता. हात दे."

हसीनाबीनं पिशवीतून हिरवी बांगडी काढली, सुनेचा अंगठा तळव्यात दुमडला, हाडं अलगद दाबली आणि बांगडी मनगटात सरकवली. एक ओरखडा नाही. रांगेतले लोक बघत होते. एका बाईनं नाकाला पदर लावला. हसीनाबीनं बाही खाली ओढली नाही. दुसरी बांगडी अर्शियाच्या हाती देऊन तिनं आपला चट्ट्यांचा हात पुढे केला.

"अब तू भर."