टेक चालू आहे

आमच्या ओटीवर चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि त्यातली निम्मी माझ्या मुलीचं रडणं बघून रडत होती.

मागच्यांनाही दिसावा म्हणून टीव्ही कपाटावर चढवला होता. पडद्यावर माझी मनस्वी, चार वर्षांची, चादरीखाली निजवलेल्या बाईचे पाय धरून ओरडत होती, "आई, ऊठ ना! आई!" खरी मनस्वी, आमची मनू, आत स्वयंपाकघरात वरणभात खात होती. ती बाहेर येऊ नये म्हणून मी मधल्या दारात उभी होते.

"काय काम केलंय गो तुज्या पोरीनं!" शेजारची जया नाक पुसत म्हणाली. "माज्या काळजाचं पानी झालं."

काम! तीन महिने मी हाच शब्द ऐकत होते.

तीन महिन्यांपूर्वी, २००३च्या डिसेंबरात, एका मालिकेची माणसं टोकावड्याच्या पुढं आमच्या गावात शूटिंगला आली. त्यांना कौलारू घर हवं होतं. साईनाथ, माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, टोकावड्याच्या रस्त्यावर जीप चालवतो. त्यानंच त्यांना आमच्या घरी आणलं. ज्ञानेश्वर, म्हणजे माझा नवरा, मुरबाडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. बावीस माणसांचा चहा करायला सासूबाईंनी मला मागच्या पडवीत चुलीपाशी बसवलं. मनू त्यांच्यापाशी राहिली. राहू दे म्हटलं. आजीच आहे ना.

मुंबईहून आणलेल्या छोट्या नटीला गाडीत उलट्या झाल्या होत्या आणि ती कॅमेऱ्यासमोर यायलाच तयार नव्हती. मालिकेतली आई मरते आणि तिची मुलगी रडते, असा सीन होता. मोठ्या नटीची साडी फार कोरी दिसत होती, म्हणून वळणीवरची माझी शेवाळी साडी कोणीतरी मागितली. सासूबाईंनी ती काढून दिली. मग मुलीचं काय करायचं, यावर चर्चा सुरू झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमची मनू हाय ना. एका शब्दात रडतं ते."

हे खरं होतं. आमच्याकडे ही सगळ्यांची करमणूक आहे. पाहुणा आला, चहाचा कप खाली ठेवला, की लेकराला म्हणायचं, तुझी आय गेली तुला टाकून. लेकराचा ओठ थरथरला की हसायचं. रडलं की उचलून घ्यायचं. मी दोनदा बोलले होते. "शिकलेल्या आयांचं काय तरी नवीनच," एवढंच उत्तर मिळालं.

त्या दिवशी, मला मागाहून कळलं, सासूबाईंनी मनूला ओटीवर नेलं. चटईवर एक बाई निजली होती. तोंडावरून पांढरी चादर, खाली पायापाशी माझ्या साडीची किनार. सासूबाई मनूच्या कानाशी म्हणाल्या, "बग, तुजी आय मेली."

मी चहा गाळत होते. मनूचं पडल्याचं रडणं मला कळतं, भुकेचं कळतं, हट्टाचं कळतं. हे त्यातलं नव्हतं. गाळणी टाकून मी धावले. मधल्या दाराशी हातात पाटी धरलेल्या एका माणसानं हात आडवा केला. हळूच म्हणाला, "टेक चालू आहे, मॅडम."

आणि मी थांबले.

मुरबाडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली बाई मी, माझी मुलगी पाच हातांवर मी मेले म्हणून आकांत करत होती, आणि मी थांबले. कारण तो माणूस मॅडम म्हणाला होता. सासूबाईंवर मला जेवढा राग आहे, तेवढाच या थांबण्यावर आहे. 'कट' झालं, टाळ्या वाजल्या, मग मला ओटीवर सोडलं.

तेव्हापासून मनू अंगणवाडीत बसत नाही. विहिरीवर जाताना मागं, गोठ्यात मागं. दुपारी माझा डोळा लागला की हलवून उठवते. ती साडी मी एकदाच नेसले, तर किंचाळली. ज्ञानेश्वरला सांगितलं. म्हणाला, "विसरेल गं. पोरंच ती."

आता टीव्हीवर जाहिराती लागल्या. बायकांनी डोळे पुसले. साईनाथ उठून उभा राहिला.

"ऐका, ऐका! डायरेक्टरसायबांचा फोन आलेला. रविवारी परत शूटिंग हाय. बाप दुसरं लगीन करतो, असा सीन. बोलले, तीच पोरगी पायजे. असं खरं रडनं मुंबईत मिलत नाय."

ओटीवर एकदम उत्साह पसरला. "नवा फ्रॉक घाला गो तिला." "आमाला पन घे रं साईनाथ, वराडी म्हनून."

"पन पोर आता मोठी झाली," जया म्हणाली. "रडंल का परत?"

"मी हाय ना," सासूबाई म्हणाल्या. "रडवन मी. माजं कामच हाय ते."

मी दारातून निघाले आणि टीव्ही बंद केला.

"अगो, लागंल आता परत!"

"लागू दे. ती कशी रडली, ठाऊक आहे का कुणाला?" माझा आवाज चिरकला, चिरकू दिला. "चादरीखाली माझी साडी दाखवून तिला सांगितलं, तुझी आई मेली. ते काम नव्हतं. तिला ते खरं वाटलं. अजून वाटतंय."

जया म्हणाली, "म्हंजी ती खरंच...?" आणि तिच्या मागून कोणीतरी कुजबुजलं, "पन किती सुंदर झालं ना."

"अनिता," ज्ञानेश्वर दबक्या आवाजात म्हणाला, "लोकांसमोर नको."

"लोकांसमोरच रडली ती."

सासूबाईंनी पदर सावरला. "येवडं काय झालं? आमी आमची पोरं अशीच वाडवली. ह्याला नाय का बोलायचे," त्यांनी ज्ञानेश्वरकडं हात केला, "तुला टोकावड्याच्या बाजारात घेतला, पाटीभर वांगी देऊन! कसा भोकाड पसरायचा!"

सगळे हसले. साईनाथ तर मांडीवर थाप मारून हसला.

ज्ञानेश्वर हसला नाही. खाली बघत म्हणाला, "आये, मी सात वर्सांचा होईपर्यंत बाजारात जात नव्हतो. तुला वाटायचं, आळस करतो."

"काय बोलतोस?"

"त्या वांगीवालीला बगून चड्डीत मुतलेलो एकदा. वाटलं, परत न्यायला आली." मग त्यानं मान वर केली. "साईनाथ, रविवारी नाय. फोन करून सांग त्यांना."

"अरे पन मी शब्द दिलाय."

"तुजा दिलास. माज्या पोरीचा नाय."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तीन महिने मी सांगत होते तेव्हा ही वांगी कुठं होती? त्याला स्वतःचं भोकाड आठवलं तेव्हा कुठं माझ्या मुलीचं ऐकू आलं.

मनू उष्ट्या हातानं दारात येऊन उभी होती. मी तिला उचललं आणि सासूबाईंसमोर बसले. "आई, तिला सांगा. तुम्ही सांगितलं होतं, तुम्हीच परत घ्या."

"येवड्या मान्सांत?"

"तेव्हा काय कमी होती?"

सासूबाईंनी ज्ञानेश्वरकडं पाहिलं. मग त्यांनी मनूकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "मनू, तुजी आय मेली नव्हती गो. आजी खोटं बोलली."

मनूनं विचारलं, "मग चादरीत कोन होतं?"

"दुसरी बाई. तुज्या आयची साडी नेसलेली."

"तिला उठवली?"

"हो गो. चहा पिऊन गेली ती."

कोणी हसलं नाही. सासूबाईंचे डोळे भरले. ते बघून आणखी दोघी-तिघी रडू लागल्या. मी मनूला घेऊन आत गेले, दार लोटलं आणि तिचा हात धुतला.

बाहेर थोडा वेळ पुटपुट चालली. मग कुणीतरी टीव्ही लावला. भाग संपत आला असावा, कारण मघाचाच सीन परत दाखवत होते. दारापलीकडून मनूची किंकाळी आली, आणि पाठोपाठ बायकांचे हुंदके. सगळं ऐकून झाल्यावरसुद्धा! साडी कुणाची, चादर कशाची, सगळं कळल्यावरसुद्धा त्यांना रडू येत होतं.

मनू कान देऊन ऐकत होती. "कोन रडतंय?"

"तू. त्या दिवशीची."

"आनि त्या सगळ्या?"

"त्यापण."

तिनं जरा विचार केला. "त्यांना सांग ना आई, तू हितंच हायस."

"नाही सांगणार," मी म्हटलं. "रडू दे त्यांना."