दाजींनी दिलेला कॉम्प्युटर

दाजींनी जुना कॉम्प्युटर मेव्हण्याच्या मुलीला अभ्यासासाठी दिला, तोही चार लोकांसमोर मोठेपणा मिरवून. मेव्हणा कॉम्प्युटरचा मेकॅनिक. त्याने घरी डबा उघडला, तर आत झुरळांच्या लेंड्या आणि कुबट वास. त्याला शिसारी आली. हार्ड डिस्क तर केव्हाच मेली होती. विंडोजऐवजी थेट सीडीवरून चालणारं हलकं लिनक्स त्याच्याकडे होतं, पण हे मढं सीडीवरून सुरूच होईना. शेवटी त्याने सीडीला जागं करणारा छोटा प्रोग्रॅम एका फ्लॉपीवर घातला. त्या फ्लॉपीशिवाय कॉम्प्युटर हूं की चूं करत नसे.

चौथ्या दिवशी पडदा उजळला आणि नेमके दाजी टपकले.

"चालतोय की," माउस फिरवत ते म्हणाले. "मग परत नेतो. आमच्या धाकट्याला हवाच होता."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मेव्हण्याच्या जिभेवर शिवी आली होती, पण बहिणीखातर त्याने ती गिळली. कॉम्प्युटर बंद करून त्याने स्वतःच तो दाजींच्या गाडीत नेऊन ठेवला.

"यासोबत आणखी काही लागतं का?"

"काही नाही, दाजी. तुम्ही दिला होतात अगदी तसाच परत करतोय," तो म्हणाला आणि त्याने खिशातली फ्लॉपी आणखी खाली सरकवली.