हर्षालीचा घास

घोडेगावच्या लोककला मेळाव्यात मी साळुबाईंचं गाणं मध्येच थांबवलं आणि माईकवर सांगितलं, वेळ संपली. वेळ संपली नव्हती. चांगली चार मिनिटं शिल्लक होती. पण निवेदन माझ्याकडे, घड्याळ माझ्याकडे, विचारणार कोण?

साळुबाई डोंगरपट्ट्यातल्या. त्यांच्या वाडीत नवी नाचणी खाण्याआधी ती जात्यावर दळताना घरच्या मेलेल्या माणसांना नावानं बोलावतात, आणि पीठ भरून घेण्याआधी तीच नावं घेऊन त्यांची पाठवणी करतात. स्टेजवर जातं मांडून त्यांनी आपली चार माणसं बोलावली. पाचवं नाव मी गळ घालून घ्यायला लावलं होतं. हर्षाली. माझी धाकटी बहीण.

हर्षालीला दुसऱ्याच्या ताटातला पहिला घास लागायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी वैतागून तिला म्हणाले, माझ्या ताटाला हात लावू नकोस. ती न जेवता अवसरीहून गाडीवर निघाली आणि मंचरच्या पुढे ट्रकखाली गेली. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं, म्हणून पाठवणीची नावं सुरू व्हायच्या आत मी गाणं थांबवलं. मेळावा गेला खड्ड्यात.

जातं थांबलं तशा आसामच्या पोरी बिहू नाचायला चढल्या. मी खाण्याच्या स्टॉलकडे वळले. लिट्टीवाला बिहारी एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. निखाऱ्यावर आत्ता भाजलेल्या गोल लिट्टीचा तुकडा तोडलेला. शेजारी ढोकळ्याचंही तेच. मासवडीच्या ताटात तर एक वडी धड नव्हती. लाखेच्या बांगड्या करणारी राजस्थानी बाई कुरकुरत होती, कुणीतरी गरम बांगडी हातात चढवून तिचा आकार बिघडवला म्हणून. आणि बिहूच्या ढोलामागे एक टाळी सारखी उशिरा पडत होती. हर्षालीला ताल कधी जमलाच नाही. मला रडू आलं आणि, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तेवढ्यात साळुबाई आल्या. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. आपल्या चौघांना त्यांनी स्टेजमागे जातं फिरवून लावून दिलं होतं. पाचवीला मात्र, ती माझं माणूस म्हणून, मीच जा म्हणायचं होतं, दिवस मावळायच्या आत.

"ऱ्हाऊ द्या ना तिला, मावशी," मी म्हणाले.

"ताई, गेलेल्या मान्सांला चव लागत न्हाई. पोटबी भरत न्हाई. नुसतं घासामागं घास. तुमी तिला उपाशी ठेवताय."

मी मासवडीचं ताट घेऊन जात्यापाशी बसले. साळुबाईंनी खुंटा धरला, गाणं सुरू केलं. मी म्हटलं, हर्षू, खा गं, माझ्याच ताटातलं खा. एका वडीचा तुकडा गेला. मग दुसरीचा. ताट रिकामं झालं, मी पुन्हा भरून आणलं, तेही संपलं. ऊन डोंगराच्या कडेला टेकलं. साळुबाई तिच्या नावापाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. एवढा एक शब्द. मी तोंड उघडलं.

"अजून घे," मी म्हणाले.

साळुबाईंनी खुंट्यावरचा हात काढला. दिवस मावळला होता.

त्याला आता पाच महिने झाले. घरात एकही भाकरी अख्खी राहत नाही. ती उपाशी आहे, हे मला माहीत आहे. मी रोज दोन भाकरी जास्त थापते, आणि कशी झालीय हे तिला कधी विचारत नाही.