आळ्यावरचा मासा

शनिवारी सकाळी पुलावरून बोटींची रांग चालली होती. गावातल्या ज्याला त्याला धरणाच्या तलावावर जायचं होतं. गाडीच्या मागे बोट, बोटीत बर्फाची पेटी आणि गाडीत मोठ्यानं लावलेली गाणी. पुलाखाली बक्सकिन नदी वाहते, हे त्यातल्या निम्म्या लोकांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ड्वाइट केम्परनं पुलाच्या टोकाला गाडी हळू केली. खाली उतरणाऱ्या पायवाटेशी व्हर्लिन श्टोल्झ गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवत होता आणि शेजारी त्याची दहा वर्षांची नात मॅरन उभी होती.

"अरे, त्या पोरीला तरी गटारात घालू नकोस," ड्वाइट म्हणाला. "बोटीत दोन जागा रिकाम्या आहेत."

"तुझी बडबड ऐकून तलावातले मासे तळाशी जातात," व्हर्लिन म्हणाला. "आम्ही गटारात बरे आहोत."

ही नदी एकेकाळी खरंच गटार होती. वरच्या अंगाला कौलांचा कारखाना होता आणि त्याचं लाल पाणी नदीत यायचं. कारखाना बंद पडला, पाणी हळूहळू निवळलं, दगडांखाली झिंगे आले आणि झिंग्यांमागून लहान तोंडाचे बास मासे आले. गावाला मात्र हे कुणी सांगितलं नाही. व्हर्लिनलाही सांगायची घाई नव्हती.

मॅरनच्या आईला ॲरिझोनात परिचारिकेची नोकरी लागली होती आणि सोमवारी मायलेकी निघणार होत्या. त्याआधी मॅरनला या नदीतला एक बास हवा होता, स्वतः टाकलेल्या गळाला लागलेला. शिवाय त्याच्यासोबत फोटो हवा होता, नव्या खोलीत लावायला. आजोबांनी तसा शब्द दिला होता. पण वसंतभर नदी गढूळच राहिली. एका रविवारी गारा पडल्या, आणि एकदा तिचा गळ तिच्याच टोपीत अडकला. पाणी नितळ मिळालं ते आज, शेवटच्या शनिवारी.

व्हर्लिनला शिकवायला आवडायचं आणि त्यासाठी लागणारा धीरही त्याच्याकडे होता. पाण्यात पाय उचलायचा नाही, घासत सरकवायचा, म्हणजे तोलही जात नाही आणि मासाही बिचकत नाही. दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी छप्पर असतं. एका दगडाखालून नांग्यांवाला झिंगा सुळकन मागच्या मागे पळाला, तेव्हा त्यानं तिला तो नीट बघायला लावला. गळाला लावलेला आपला रबरी झिंगाही असाच पळायला हवा, थांबत थांबत, घाबरल्यासारखा. मॅरननं दोरा तसा ओढून दाखवला. आता तिचा हात चांगला बसला होता.

मासा मात्र लागेना. उन्हं डोक्यावर आली तरी बोटभर लांबीचा एक चंदेरी मासा सोडला तर काही हाती नव्हतं. वाळूच्या पट्ट्यावर बसून दोघांनी सँडविच खाल्लं.

"ॲरिझोनात नद्या असतात ना, आजोबा?"

"असतात की. काहींत पाणीही असतं."

ती हसली, पण मासा लागत नाही म्हणून कुरकुरली नाही. तेच व्हर्लिनला लागलं. ती रडली असती तर त्यानं समजूत काढली असती.

पडलेल्या सिकॅमोर झाडापलीकडे काय आहे, हे त्याला सकाळपासून माहीत होतं. म्हणून तर तिला तिथून न नेता काठाकाठानं वळसा घालून आणलं होतं. वसंतात नर बास शेपटीनं खडी झाडून नदीच्या तळाशी गोल आळं करतो, झाडाभोवती असतं तसं. मादी त्यात अंडी घालून निघून जाते. मग नर काही न खाता तिथे राखण करतो. अशा माशावर गळ टाकणं सगळ्यांत सोपं, कारण आळ्यात काही पडलं की तो धावून येतो. आणि म्हणूनच या नदीवर उतरणाऱ्या मोजक्या माणसांत, पिल्लं पांगेपर्यंत आळ्यावर गळ टाकायचा नाही, असा रिवाज होता. तो व्हर्लिननंच इतरांना शिकवला होता.

एकदाच, असं त्यानं मनाला सांगितलं.

"चल, एक जागा राहिलीय," तो म्हणाला.

झाडाच्या सावलीत, मांडीभर पाण्यात, स्वच्छ खडीवर तो मासा तरंगत होता. तपकिरी अंग, त्यावर उभे पट्टे आणि लाल डोळा. मॅरननं हळूच विचारलं,

"हा पळत का नाही?"

"त्याला ती जागा आवडते," व्हर्लिन म्हणाला. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

पहिल्यांदा आमिष लांब पडलं. दुसऱ्यांदा बरोबर आळ्यात पडलं आणि माशानं ते तोंडात धरलं. काठी वाकली. मासा पाण्याबाहेर उसळला, खाली गेला, पुन्हा उसळला. मॅरननं ओठ दाताखाली धरून दोरा ताणून ठेवला, अगदी शिकवल्यासारखा. मासा दमून जवळ आला, तेव्हा व्हर्लिननं ओल्या हातानं तो अलगद धरला, गळ काढला आणि दुसऱ्या हातानं खिशातला फोन चाचपू लागला.

"आजोबा, तिकडे बघ. ते काय करतायत?"

आळ्यात तळहाताएवढे रंगीत सनफिश मासे शिरले होते. तोंडं खाली, शेपट्या वर, खडीत टोचे मारत होते.

"अंडी खातायत," तो म्हणाला. "याची."

मॅरननं एकदा त्याच्या हातातल्या माशाकडे पाहिलं, एकदा आळ्याकडे.

"तुला माहीत होतं?"

"हो."

काठी काठावर टाकून ती पाण्यात सरकली. पाणी बुटांच्या वर गेलं, आत भरलं. आळ्याच्या कडेशी उभी राहून ती टोपीनं पाण्यावर फटके मारू लागली. सनफिश पांगले, पण लांब गेले नाहीत.

"फोन ठेव. त्याला सोड लवकर."

व्हर्लिननं फोन खिशात टाकला. दमलेला मासा नुसता सोडून चालत नाही. त्याचं तोंड प्रवाहाकडे करून तो धरून राहिला. कल्ले जोरात हलू लागले, तशी त्यानं बोटं उघडली. मासा उलट्याच दिशेला, खोल पाण्यात निघून गेला.

दोघं तो परत येण्याची वाट बघत राहिली. मॅरनचे ओठ गारठ्यानं निळे पडले होते. व्हर्लिन म्हणाला, तू बाहेर ये, मी उभा राहतो. तिनं मानेनंच नाही म्हटलं. सनफिश एका बाजूनं आले की ती त्या बाजूला फटका मारी.

मग झाडाच्या सावलीतून एक लांबट आकार आला. तो आळ्याभोवती फिरला, एका सनफिशच्या अंगावर धावून गेला आणि नंतर मॅरनच्या बुटावर येऊन आदळला. पुन्हा आदळला.

"मलाच हाकलतोय," ती म्हणाली. दिवसभरात तिचा आवाज इतका खूश झाला नव्हता.

"मग निघ. जागा त्याची आहे."

पाय न उचलता, घासत घासत, ती मागे सरकली.

गाडीत हीटर लावून बसल्यावर व्हर्लिन म्हणाला की चूक त्याची होती, तिची नाही. ती म्हणाली, माहीत आहे. मग तिनं थोडी अंडी उरली असतील का, असं विचारलं. त्यानं खरं ते सांगितलं, की उरली असतील, पण किती ते आताच कळणार नाही.

सोमवारी सामान भरलेल्या गाडीच्या खिडकीतून तिनं त्याला बजावलं.

"पिल्लं बाहेर आली की मला कळव. आणि तोवर कुणाला तिकडे नेऊ नकोस."

"नाही नेत."

"स्वतःलाही नको. गळ घेऊन नको."

"बरं बाई."

तेव्हापासून व्हर्लिन संध्याकाळी नुसताच हात हलवत नदीवर जाऊ लागला. पडलेल्या झाडावर बसे, पाण्यात बघे आणि घरी येई. पुलावर ड्वाइट भेटला तेव्हा त्यानं विचारलं, आता गटारात मासे धरणंही सोडलंस का? व्हर्लिन म्हणाला, सध्या सुट्टी आहे.

नव्या घरात मॅरनच्या पलंगाशेजारी आजोबांनी पाठवलेला एक फोटो लागला. त्यात मॅरन नाही, मोठा मासाही नाही. तपकिरी पाण्यात शाई सांडावी तसा एक काळा ढग आहे. तिच्या आईला वाटलं फोटो बिघडलाय, म्हणून ती तो काढायला गेली. मॅरननं तिला जवळ बोलावलं आणि नीट बघायला लावलं. त्या ढगातल्या प्रत्येक ठिपक्याला शेपटी होती.