उलट्या हातांचा नियम

सुझुमुशी कंपनीचा कोणताही व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी तो बनवणाऱ्याने उलट्या हातांनी खेळून दाखवायचा, असा तिथला नियम आहे. नव्या लोकांना तो खुळचटपणा वाटतो. पण कंपनी जगली ती या खुळापायीच, आणि त्याचा पहिला तडाखा बसला तो कुझुहाराला.

तेव्हा कंपनी म्हणजे जपानातल्या आमागासाकी गावात तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, दुकानावरच्या दोन खोल्या. मालक अशिदा पूर्वी पाचिंकोची, म्हणजे खिळ्यांमधून गोळ्या सोडायच्या जुगाराची, यंत्रे दुरुस्त करायचा. कुझुहारा पालिकेच्या पाणीखात्यातली कायमची नोकरी सोडून आलेला. सासऱ्याने त्यावरून त्याच्याशी बोलणे टाकले होते. चित्रे मित्सुए काढायची, ठिपक्याला ठिपका जोडून.

खेळ कुझुहाराच्या डोक्यातून निघालेला. जुन्या काळचा जासूद पत्रांची पेटी खांद्यावर टाकून एदोला, म्हणजे जुन्या टोकियोला, धावत निघतो. वाटेत नद्या, पूल, कावळे. पहिलाच पूल लाकडी होता. सुरुवातीला तो धड होता. पण कुझुहारा रोज सकाळी खेळून बघायचा, आणि रोज त्याला तो पूल आळणी वाटायचा. मग एक दिवस त्याने एक फळी काढली. पुढे एक कावळा सोडला. मग आणखी एक फळी, आणखी एक कावळा. वर्षभर हेच चालले. आपला हात तयार होत चालला आहे, हे त्याच्या ध्यानातच आले नाही. त्याला वाटे, खेळच सोपा राहिलाय.

यंत्र तयार झाले आणि शनिवारी स्टेशनजवळच्या एका गेम सेंटरमध्ये लोकांसमोर ठेवले. गावोगाव यंत्रे पुरवणारा व्यापारी रविवारी संध्याकाळी येऊन बघणार होता. लोक खेळत असले तर तो माल घेणार, नाहीतर अशिदा पुन्हा पाचिंकोचे खिळे ठोकायला मोकळा. आणि कुझुहारा सासऱ्यापुढे मान खाली घालायला.

अशा वेळी बनवणाऱ्याने लांब उभे राहून बघायचे आणि तोंड उघडायचे नाही, अशी या धंद्यातली रीत. कुझुहारा कॉफीचा कॅन घेऊन भिंतीला टेकला. कॉलेजातला एक मुलगा बसला, पुलावरून पडला. पुन्हा पडला. उठून गेला. दोन मैत्रिणी आल्या, हसत हसत पडल्या, त्याही गेल्या. मग एक टॅक्सीवाला आला. पांढरे हातमोजे काढून त्याने खिशात ठेवले, सिगारेट पेटवली आणि ती ओढायच्या आतच तो पडला.

"हा खेळ ज्यानं बनवलाय ना," तो भिंतीला टेकलेल्या कुझुहाराला म्हणाला, "त्याला माणसांचा कंटाळा असणार."

कुझुहाराला राहवले नाही. "जरा आधी उडी मारायला हवी होती."

"असं? मग बसा की. दाखवा."

"नको, मी आपला..."

"बसा हो, पैसे माझे."

कुझुहारा बसला. त्याचा जासूद पाच गायब फळ्यांवरून उड्या मारून, सात कावळे चुकवून पलीकडे गेला, आणि थेट चौथ्या नदीपर्यंत धावला. मागे माणसे जमली.

"घरदार आहे का तुम्हाला, की इथंच झोपता?" टॅक्सीवाला म्हणाला. सगळे हसले.

कुझुहाराही मनातून फुलला. पण तो उठला आणि त्या खुर्चीवर पुन्हा कोणी बसेना. माणसे पांगली. हे आपले काम नव्हे, असेच त्यांना वाटले असणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गेम सेंटर बंद होईपर्यंत यंत्र एकटेच आपली धून वाजवत राहिले.

तातामीच्या दुकानावर अशिदा वाट बघत होता.

"पहिल्या पुलावर सगळे बुडतात, कुझुहारा."

"शिकतील."

"कधी? मी म्हातारा झाल्यावर?"

"सोपं केलं तर त्यात राम उरणार नाही, अशिदासान. मला तर आत्ताच झोप येते त्या पुलावर."

मित्सुए लोणच्याचा तुकडा चावत म्हणाली, "तुम्हाला येणारच. मला डोळे मिटून मांजर काढता येतं. डाव्या हातानं काढलं की बटाटा होतो. तुम्ही हात बदलून खेळा बघू."

"पोरखेळ आहे हा."

"आपण काय बनवतोय मग?"

अशिदा खो खो हसला. कुझुहारा तोंड वाकडे करून खोलीतल्या चाचणीच्या यंत्रापुढे बसला, एरवी डाव्या हातात असायची ती दांडी उजव्या हाताने धरली आणि डावा त्यावरून ओलांडून बटणावर ठेवला. जासूद पहिल्याच फळीला पाण्यात. पुन्हा खेळला, पुन्हा पाण्यात. त्याचे कान लाल झाले. बराच वेळ तो पडत राहिला. कोणी हसले नाही. मग तो उठला, आणि आपल्या हाताने फळ्या परत बसवू लागला, कावळे उडवून लावू लागला.

"एक ठेवा," मित्सुए म्हणाली. "चित्र चांगलं जमलंय."

रविवारी गेम सेंटर उघडताच त्यांनी बदललेल्या खेळाची नवी चिप यंत्रात बसवली. दुपारी टॅक्सीवाला पुन्हा आला. हातमोजे काढले, बसला, आणि पूल ओलांडून गेला. दुसऱ्या नदीत बुडाला तेव्हा त्याने कुझुहाराकडे मान वळवली.

"बघितलंत? काल हात बसला नव्हता माझा, एवढंच."

कुझुहाराने मान डोलावली. "खरंय. आज सफाई दिसतेय."

टॅक्सीवाल्याने खिशात आणखी एक नाणे चाचपले. संध्याकाळी व्यापारी आला तेव्हा खुर्ची रिकामी नव्हती, आणि टॅक्सी बाहेर तशीच उभी होती.

खेळ काही फार गाजला नाही, पण कंपनी तगली. पुढे स्वतःची इमारत झाली, घरी खेळायचे गेम निघाले, दांडी जाऊन कंट्रोलर आला. मग कंट्रोलर उलटा धरायचा, एवढाच नियमात फरक पडला. अशिदा वारला. सासरा बोलू लागला, तोही वारला.

कुझुहाराने मात्र शनिवारची ती अवघड पुलाची जुनी चिप टाकली नव्हती. खरा खेळ तोच, असे तो धरून बसला होता. निवृत्तीच्या दिवशी तरुण मंडळींनी ती जुन्या यंत्रात बसवून त्याला खुर्चीवर बसवले. जासूद धावत निघाला आणि पहिल्याच फळीला पाण्यात गेला. तो पुन्हा खेळला. पुन्हा पाण्यात.

"कुझुहारासान," मागून एका मुलीने विचारले, "उलट्या हातांनी खेळताय का?"

"नाही ग," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "सरळच."