प्रोजेक्ट उघडल्यावर

लाइट सव्वाअकराला गेली आणि चिंचपोकळीच्या त्या गाळ्यात एकदम अशी शांतता झाली, की बाहेरच्या चहावाल्याचा स्टोव्ह ऐकू यायला लागला. समोर टॉवरसाठी खणत होते, त्यांनी केबल तोडली असणार, असं म्हणत राजेशशेठ शिव्या हासडत बाहेर गेले. रघुवीर घाडीने मात्र तेवढ्यात काम काढलं. कटिंग मशीनच्या पाट्यावर भुसा साचला होता. त्याने ब्रश घेतला आणि उजवा हात थेट पाट्याच्या कोपऱ्यात घातला, लाकूड कोरणारं बिट जिथून सुरुवात करतं तिथे. माणूस कणकवलीकडचा. तिकडे लाइट गेली की तासभर तरी परत येत नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं.

लाइट चार मिनिटांत आली. पंखे फिरले, ट्यूब लागल्या. रघूने हात काढला नाही. का काढावा? कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट माणसाने उघडल्याशिवाय मशीन जागचं हलत नाही, हे त्याला विनीतनेच शिकवलं होतं.

पुढचं विनीतने सहा पावलांवरनं पाहिलं. कॉम्प्युटर आपोआप चालू झाला. कोड लिहायचा एडिटर आपोआप उघडला, त्यात सकाळचा देव्हाऱ्याच्या जाळीचा प्रोजेक्ट उघडला आणि मशीन घूं करून जागं झालं. मिनिटाला अठरा हजार फेरे घेणारं ते बिट सरळ कोपऱ्यातल्या हातावर येऊन फिरलं. रघू ओरडलासुद्धा उशिरा. आधी हाडाचा कडकड आवाज आला, लाकडाची गाठ लागते तसा. मग रक्ताची पिचकारी विनीतच्या शर्टावर आली. दुसऱ्या मशीनवर पाठमोरी असलेली संघमित्रा किंचाळत धावली आणि तिने मेन स्विच पाडला. विनीत? विनीत तिथेच उभा, हातात माऊस घेऊन. त्या ढिम्म माणसाला संघमित्राने ढकललं तेव्हा कुठे तो हलला आणि भुशात बोटं शोधायला लागला. दोन सापडली. तिसऱ्याचं काही उरलं नव्हतं.

विनीत त्या गाळ्याचा कॉम्प्युटरवाला. जाळीचं प्रत्येक डिझाइन म्हणजे एडिटरमधला एक प्रोजेक्ट. पूर्वी प्रोजेक्ट उघडायचा, मग मशीनचं लॉक काढायचं, मग ते कोपऱ्यात न्यायचं, मग बिट फिरवून गरम करायचं. प्रत्येक जाळीमागे सात मिनिटं. शेठ डोकं खायचे. म्हणून विनीतने एडिटरला जोडायचं एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलं. एडिटर अशा एक्स्टेन्शनला सगळ्याची वर्दी देत असतो: प्रोजेक्ट उघडला, सेव्ह झाला, बंद झाला. विनीतने ‘उघडला’ची वर्दी पकडली आणि तिला पुढची तिन्ही कामं जोडून टाकली. सात मिनिटं वाचली. शेठने दोन्ही मशिनींवर ते बसवून घेतलं आणि सगळ्यांना वडापाव खिलवला.

आता यात गफलत काय झाली? लाइट येऊन एडिटर परत चालू झाला की तो मागचा प्रोजेक्ट आपणहून उघडतो, आणि तेव्हाही तीच वर्दी देतो. उघडणारा माणूस आहे की नाही, हे वर्दीत नसतं. ते बघायला दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात. ‘उघडला’ म्हणजे कुणीतरी उघडला, असं विनीतने गृहीतच धरलं. डिलाईल रोडला जन्मलेला, तिथेच वाढलेला. सबंध आयुष्यात लाइट गेलेली त्याने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली असेल. खेडेगावातल्या एखाद्या पोराने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की अरे, लाइट गेली तर? या मुंबईकराच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठने त्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

“रघ्या पिऊन आला होता. पोलीस विचारतील तर हेच सांगायचं.”

“शेठ, तो सात वर्षं थेंबाला शिवलेला नाही.”

“आधीची दहा वर्षं तर पीत होता ना? लोकांना पटतं. आणि ती तुझी नोंद आहे ना, कॉम्प्युटरमधली, ती उडव.”

नोंद होती. अकरा वाजून एकोणीस मिनिटं बावन्न सेकंद, प्रोजेक्ट उघडला, मशीनला आदेश गेला. त्याच्या आधी माऊस नाही, कीबोर्ड नाही.

विनीत “नाही” म्हणाला नाही. तो नुसता गप्प बसला, पण शेठला तेवढंही पुरलं. त्यांनी त्याची गचांडी धरली, भिंतीवर डोकं आपटलं, एकदा, दोनदा, आणि गळा असा दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. “आत कोण जाईल माहितीय? मी नाही. ज्याने लिहिलं तो जाईल, भडव्या!” मग सोडलं, स्वतःच पाण्याची बाटली पुढे केली, आणि बाहेर जाऊन संघमित्राला कामाला लाग म्हणून ओरडले.

विनीत पाणी प्यायला नाही. त्याने नोंदीचा कागद छापला, चार घड्या घालून खिशात टाकला आणि चालत डिलाईल रोडला, रघूच्या चाळीकडे निघाला. एकच गोष्ट डोक्यात होती, की रघूदादाच्या तोंडावर सांगायचं, तू प्यायला नव्हतास, मी केलं. मग मारतील तर मारोत. खरं सांगायचं तर मार मिळावा, असंच त्याला वाटत होतं.

रघू खाटेवर टेकून बसला होता. पांढऱ्या बँडेजचा गोळा उशीवर ठेवलेला. बायको कमल खाली भाजी निवडत होती आणि तिचे डोळे सुजले होते. धाकटा भाऊ सीताराम, माथाडी कामगार, नुकताच पाळीवरनं आला होता.

“ये रे,” रघू म्हणाला. “चा ठेव गं.”

“चहा नको, वहिनी.” विनीत दारातच उभा राहिला. त्याने कागद काढला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. एडिटर, वर्दी, लाइट, बावन्न सेकंद. शेठ काय बोलायला सांगतायत तेही. “दादाची काही चूक नाही. माझी आहे.”

कमल उठली. कागद तिने वाचला नाही, नुसता छातीशी धरला. “मी ह्यांचं तोंड हुंगलं,” ती म्हणाली. “हॉस्पिटलात. बोटं तुटलेल्या माणसाचं तोंड हुंगलं मी, सगळे म्हणतायत म्हणून!” आणि तिने हातातल्या ताटलीने विनीतच्या कानशिलात मारली. भाजी उडाली. तिने परत मारली, परत, ताटली वाकेपर्यंत.

“तुझ्या आवशीक खाव!” सीताराम झेपावला. पोती उचलणारा हात तो. पहिल्याच ठोशात विनीतच्या नाकाचं हाड मोडलं. तो गॅलरीत पडला. सीतारामने त्याला केस धरून उठवलं आणि कठड्यावर आदळलं, मग पोटात लाथ, बरगड्यांत लाथ. शेजारचे बाहेर आले. विनीतने हात वर केले नाहीत. प्रत्येक लाथेबरोबर त्याला मोकळं वाटत होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

“सीताराम, पुरे!” रघू आतून ओरडला. तो भिंत धरत दारापर्यंत आला आणि विनीतकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“मार खायला इलंस,” तो म्हणाला. “बरं केलंस. पण ता काढलंस काय?”

“काय?”

“ता तुझा एक्स्टेन्शन. दुसऱ्या मशीनवरचा. संघमित्रा काम करता त्या मशीनवरचा.”

विनीतने नाही म्हणून मान हलवली.

“गाळ्यातली लाइट कशी आसा आता?”

“जाते येते,” विनीत म्हणाला. “केबल नुसती जोडलीय. सकाळपासून दोनदा गेली.”

“आणि तू हयसर इलंस.”

आपल्या तीन बोटांसाठी रघूने हात उचलला नव्हता. आता त्याने डावा उचलला आणि विनीतच्या मोडलेल्या नाकावर अशी एक ठेवून दिली की सीतारामसुद्धा मागे सरला.

“फोन लाव!” रघू किंचाळला. “रडतंस काय, फोन लाव मेल्या!”

विनीतची रक्ताने माखलेली बोटं स्क्रीनवर घसरत होती. त्याने फोन शर्टाला पुसला, लावला. घंटी वाजत राहिली. मशीन चालू असलं की तिला ऐकू जात नाही. कट झाला. परत लावला. रघू त्याच्या डोक्यावर उभा राहून फोनकडे बघत होता.

“काय रे विन्या?” संघमित्रा. “लवकर बोल, लाइट गेलीय, तेवढ्यात भुसा काढतेय.”

“हात बाहेर काढ! संघमित्रा, हात आधी बाहेर काढ!”

पलीकडे काहीतरी खाली पडलं. मग पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. कॉम्प्युटर चालू झाल्याची टुंग वाजली आणि थोड्या वेळाने मशीन घूं करून फिरायला लागलं.

“संघमित्रा?”

मशीन फिरतच होतं. विनीतने डोळे मिटून घेतले. रघूने खाली वाकून फोन त्याच्या हातातनं काढून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला.

“पोरी,” तो म्हणाला, “बोल गो.”

“बाहेर आहे, दादा,” ती हमसून रडत म्हणाली. “माझा हात बाहेर आहे.”